तिचा करार, माझा करार

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. प्रेस म्हणजे इथे कपाट. हा शब्द माझ्या तोंडात इतका बसलाय की मागे पुण्याला गेले तेव्हा "आई, प्रेसमधून डबा काढ ना" म्हणाले आणि आई बिचारी इस्त्रीच्या टेबलाखाली डबा शोधायला लागली. तर त्या कागदावर शब्द आहेत, माझ्या आणि एका मैत्रिणीच्या अक्षरात लिहिलेले, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तुर्की. काही शब्दांपुढे लाल पेनाने चांदणी काढलेली आहे. चांदण्या माझ्या. चहाची पत्ती त्याच कपाटात असते, त्यामुळे तो कागद मला दिवसातून तीनदा तरी दिसतो.

वॉटरफोर्डच्या आधी मी मलिंगार गावात होते, तिथे आमचं ऑफिस एका कार्पेटच्या दुकानाच्या वर होतं. तीन खोल्या, एक किटली आणि कायम गार पडलेला हीटर. दवाखान्यात वापरायच्या उपकरणांबरोबर माहितीचे जे कागद जातात, ते तपासायचं आमचं काम. सुईच्या डब्यावर जे छापलंय ते फाइलमध्ये लिहिलंय का, आणि फाइलमध्ये लिहिलंय ते नियमात बसतं का. लोकांना ऐकूनच जांभई यायची. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, हे मी तेव्हा येईल त्याला अभिमानाने सांगत असे.

माझ्या समोरच्या टेबलावर ती बसायची. तुर्कस्तानातल्या इझमीरची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, एकटी राहणारी. हसली की डोळे पूर्ण मिटायचे. कामात माझ्याहून सरस होती, हे मी आज सरळ लिहून टाकते, तेव्हा कबूल करायला जड जायचं. ओळख झाली ती साबणामुळे. मी बेसिनपाशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटले, "मेला साबण परत संपला," आणि ती गर्रकन वळून म्हणाली, "साबून? यू सेड साबून?" मग आम्हाला नादच लागला. हवा तिच्याकडेही हवाच. दुकान दुकानच. चहा, मैदान, वकील, मुदत, तारीख, अर्ज. कुठल्या कुठे दोन गावं आणि जुन्या दफ्तरातले शब्द दोघींच्या घरात. ती म्हणायची, "आब्ला, आपण चुलत बहिणी असणार." आब्ला म्हणजे ताई. मला नावाने तिने कधी हाक मारलीच नाही.

खरी गंमत यायची ती अर्थ बदललेल्या शब्दांची. मुसाफिर आपल्याकडे प्रवासी, तिच्याकडे पाहुणा. वकील आपल्याकडे कोर्टातला, तिच्याकडे कुणाच्याही वतीने उभा राहणारा माणूस. तमाम आपल्याकडे सगळं, तिच्याकडे नुसतं 'बरं, ठीक आहे'. करार आपल्याकडे दोघांनी सही करून ठरवलेली गोष्ट, तिच्याकडे एकट्याने मनाशी घेतलेला निर्णय. अशा शब्दांपुढे मी लाल चांदणी काढायचे. गोंधळ होऊ नये म्हणून.

ऑक्टोबरात मॅनेजरने आम्हाला दोघींना एकत्र आत बोलावलं आणि सांगितलं की मलिंगारचं ऑफिस बंद होतंय, काम दुसऱ्या देशात जातंय. वर म्हणाला, "यू'ल बी ग्रँड, गर्ल्स." इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. पाऊस थांबला तरी ग्रँड, चहा दिला तरी ग्रँड, आणि तुमच्या पायाखालची जमीन काढून घेतली तरी ग्रँडच. त्या माणसाला मी फाडून खाल्लं असतं. तो काही वाईट नव्हता, त्याचीही नोकरी जात होती. पण त्याला घरी जायला हा देश होता.

आमची गोष्ट वेगळी होती. आमच्या नोकरीच्या परमिटवर कंपनीचं नाव. कंपनी गेली की सहा महिन्यांच्या आत दुसरी अशी कंपनी शोधायची जी आपल्यासाठी नवं परमिट मागायला तयार आहे, नाहीतर बॅग भरायची. परमिटवर पाच वर्षं पूर्ण झाली की ही कटकट संपते, मग कुठेही नोकरी करा. मला सात महिने कमी पडले. सात महिने! माझ्या तोंडून शिव्या गेल्या, त्याही मराठीतून.

परत जायचं म्हणजे कुठे, हे मला नीट माहीत होतं. घटस्फोटानंतर मी भावाच्या घरी दोन वर्षं काढली होती. भाऊ चांगला, वहिनीही चांगली, पण त्या घरात मी कपाटाचं दार उघडायच्या आधी विचारायचे. छत्तिसाव्या वर्षी इथे शिकायला आले ती त्या घरातून सुटायला. मुलीला वर्षभराने आणलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मराठी कळतं, पण उत्तर येतं ते थेट मलिंगारच्या इंग्रजीत. देवनागरी वाचता येत नाही. तिची पहिली मोठी बोर्डाची परीक्षा येत्या उन्हाळ्यात होती. ऑफिस बंद होतंय हे सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "आर वी गोइंग बॅक टु मामाज?" मी म्हटलं, "नाही." तिने परत विचारलं, "प्रॉमिस?" आणि मी कशाच्या जोरावर कुणास ठाऊक, प्रॉमिस म्हणून बसले.

नोटिशीचे दिवस संपत आले तसे मी झपाटल्यासारखे सरकारी नियम वाचायला घेतले. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडून मलिंगारच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. कुठेतरी एखादी फट असेल, एखादी तळटीप, सात महिने माफ करणारं एखादं कलम. ती मैत्रीण एका दुपारी तिथे आली आणि आपली अख्खी फाइल माझ्यापुढे ठेवली. परमिटं, पगारपत्रकं, सगळं. म्हणाली, "आब्ला, मला हे वाचून डोकं दुखतं. तू तुझं बघतेच आहेस, तर माझंही बघ. माझ्यासाठी काही असेल तर सांग. तू माझी वकील." आणि डोळे मिटून हसली.

तिसऱ्या दिवशी मला ते सापडलं. माझ्यासाठी काही नव्हतं. तिच्यासाठी होतं.

फार जुना करार. आम्ही दोघी जन्मलोही नव्हतो तेव्हा तिच्या देशाने युरोपातल्या त्या वेळच्या आर्थिक समुदायाशी केलेला. सहयोगाचा करार, म्हणजे आज ना उद्या तुम्हाला घरात घेऊ अशा बोलीवर. त्या वेळी खुद्द आयर्लंडही त्या घरात नव्हतं. पुढे आयर्लंड आत गेलं, आणखी कितीतरी देश आत गेले, आणि तुर्कस्तान साखरपुडा होऊन बसलेल्या मुलीसारखा अजून दारातच. लग्न काही झालं नाही. पण साखरपुड्यात जे द्यायचं ठरलं होतं त्यातलं थोडं अजून लागू आहे. त्या कराराखाली नेमलेल्या मंडळाने नंतर एक निर्णय घेतलेला होता, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की ज्या तुर्की कामगाराने सदस्य देशात चार वर्षं कायदेशीर नोकरी केली आहे, त्याला त्या देशात कुठलीही नोकरी धरायला मोकळीक आहे.

मी तिची फाइल उघडली आणि महिने मोजले. चार वर्षं आणि दोन महिने. परत मोजले. मग पगारपत्रकांशी ताडून पाहिले, कारण तेच तर माझं काम. चार वर्षं, दोन महिने, एका दिवसाचाही खंड नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं तिचं झालं होतं. जर्मनीतल्या तुर्कांना हे पाठ असतं म्हणे, तिथे त्यांच्या पिढ्या गेल्या. मलिंगारमध्ये तिला कोण सांगणार? मी खुर्चीतून अर्धी उठले होते. फोन हातात घेतला होता. खरंच घेतला होता, हे मला कुणाला तरी सांगायचं आहे.

तेवढ्यात तो वाजला. वॉटरफोर्डच्या एका कंपनीचा माणूस होता. आम्ही दोघींनीही तिथे अर्ज केला होता, जागा एकच. तो म्हणाला, "तुम्हाला परमिट लागेल, बरोबर?" मी हो म्हटलं. तो म्हणाला की खरं सांगायचं तर परमिट न लागणारी व्यक्ती मिळाली असती तर आम्हाला सोपं पडलं असतं, पण या कामाचा अनुभव असलेल्या तुम्ही दोघीच आहात आणि दोघींनाही परमिट लागतं, तेव्हा पुढच्या गुरुवारी मुलाखतीला या. फोन ठेवला आणि मी परत खाली बसले.

मला वाटतं त्या खुर्चीत बसण्याच्या क्षणीच सगळं झालं. पुढचं नुसतं ओघाने आलं. कारण मला लख्ख दिसलं होतं, की मी आता तिला हे सांगितलं, तर ती गुरुवारी जाऊन म्हणेल, मला परमिट लागत नाही. काम तिला माझ्याहून चांगलं येतं. जागा तिची. आणि मी आणि माझी मुलगी भावाच्या घरी.

सहा दिवस मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. रात्री ताट तसंच उचलून ठेवायचे आणि मुलगी विचारायची, "ममा, आर यू सिक?" मी स्वतःला काय काय पटवलं! की नियम जुना आहे, कदाचित लागू नसेल. की सरकारी माणूस अडवेल. की तिला मूलबाळ नाही, ती तरुण आहे, तिला कुठेही मिळेल. की मुलाखत तर होऊ दे, मग सांगू. दुसऱ्याचं भलं लांबणीवर टाकायला माणसाला किती कारणं सुचतात! ती रोज मेसेज करायची, "एनी खबर, आब्ला?" खबर हा आमचा यादीतला शब्द, दोन्हीकडे अर्थ सारखा. मी लिहायचे, "वाचतेय अजून."

मंगळवारी मात्र माझ्याने राहवेना. आपल्या आईने आपल्याला हे शिकवलेलं नाही, एवढं एकच वाक्य डोक्यात घुमायला लागलं. मी लायब्ररीत जाऊन ती पानं छापून घेतली, चार वर्षांच्या ओळीखाली रेघ मारली, आणि तिला कळवलं की दुपारी कालव्यावर भेट, काम आहे. रॉयल कालव्याच्या काठाने आम्ही पुष्कळदा चालायचो. मी पूल ओलांडून नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. वारा झोंबत होता. पानं पिशवीत होती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी फार दिवसांनी बरंही वाटत होतं.

ती आली नाही. तिचा मेसेज आला. नेहमीच्या आमच्या मोडक्या इंग्रजीत: "आब्ला, सॉरी, आज नाही जमत. करार डन. माझी काळजी नको. वॉटरफोर्ड तुझं."

करार डन.

मी तो शब्द मराठीत वाचला. करार झाला. म्हणजे सही झाली, म्हणजे तिला दुसरीकडे नोकरी मिळाली, म्हणून तर वॉटरफोर्ड माझं. माझ्या अंगातून सगळं ओझं एकदम गळून गेलं. देव आहे, असं मी मोठ्याने म्हटलं, आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा दचकून माझ्याकडे बघायला लागले. आता तिला त्या नियमाची गरजच नव्हती. म्हणजे मी काही लपवलंच नव्हतं. मी लगेच लिहिलं, "काँग्रॅच्युलेशन्स!!" पुढे फुलं, केक, सगळं टाकलं.

तिचं उत्तर जरा उशिरा आलं. "थँक यू आब्ला?"

शेवटी प्रश्नचिन्ह होतं. सुईच्या डब्यावरचा हललेला स्वल्पविराम ओळखणारी बाई मी. ते प्रश्नचिन्ह मला दिसलं. मी फोन पिशवीत टाकला, त्या छापलेल्या पानांवर, आणि घरी येऊन मुलीला आवडतो तसा पिवळा बटाटा केला.

गुरुवारी मी वॉटरफोर्डला गेले. मुलाखत घेणारा तोच फोनवरचा माणूस होता. म्हणाला, तुमच्या सहकारी आल्या नाहीत, त्यांनी नाव मागे घेतलं. मी म्हटलं, हो, तिला दुसरीकडे मिळालंय. इतक्या सहज म्हटलं. मुलाखत छान झाली. शुक्रवारी दुपारीच होकार आला, कंपनी माझ्यासाठी परमिटचा अर्ज करायला तयार होती, मला नुसती कागदांवर सही करून सोमवारी पाठवायची होती. मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला सांगितलं. ती दप्तर टाकून माझ्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "खरंच?" शाळा बदलावी लागणार होती, मैत्रिणी सुटणार होत्या, पण मामाचं घर टळलं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडलो.

शनिवारी सकाळी मी मैत्रिणीला फोन लावला. आनंद सांगायचा होता, आणि तिच्या नव्या नोकरीचंही विचारायचं होतं. फोन नेहमीसारखा वाजला नाही, परदेशात लावल्यावर वाजतो तसा लांब वाजला. तिने उचलला. मागे कुणीतरी काहीतरी तळत होतं आणि एक वयस्कर बाई तुर्कीत मोठ्याने बोलत होती.

"कुठे आहेस गं?" मी विचारलं.

"घरी."

"मलिंगारला?"

ती हसली. "इझमीरला, आब्ला. बुधवारी आले. तुला कळवलं होतं ना. करार."

माझा हात प्रेसच्या दारावर होता. चहा करायला उघडलं होतं. मलिंगारच्या त्या भाड्याच्या घरातही यादी तिथेच होती, दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर. करार. पुढे तिच्या अक्षरात 'निर्णय'साठीचा इंग्रजी शब्द. त्याच्यापुढे माझी लाल चांदणी.

ती बोलतच होती. तिने मनाशी ठरवलं होतं म्हणे. जागा एक, आपण दोघी. "तुला मुलगी आहे. तिची परीक्षा आहे. मी एकटी, मला काय, आईकडे राहीन, इथे बघेन काहीतरी. तुझ्यासमोर सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस, म्हणून मंगळवारी आले नाही. आणि तू तर अभिनंदन केलंस! मला आधी जरा वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. मग म्हटलं, आब्लाला पटलं असणार." मग म्हणाली, "तुझं झालं ना वॉटरफोर्डचं?"

मी हो म्हटलं. ती इतक्या जोरात ओरडली की मागची वयस्कर बाईही घाबरून काहीतरी विचारायला लागली.

मला माहीत होतं की त्या नियमाचा हक्क देश कायमचा सोडला की संपतो. तेही मी वाचलं होतं. पण तिला जाऊन तीनच दिवस झाले होते. एखादा चांगला वकील, एखादा अर्ज, कदाचित काही करता आलं असतं. आणि माझी सही अजून व्हायची होती. पिशवी खुर्चीला अडकवलेली होती आणि पानं अजून तिच्यातच होती. आतल्या खोलीत मुलगी कुठलंतरी गाणं लावून खोकी भरत होती. तिला भरायची घाई नव्हती, महिनाभर होता अजून, पण तिने भरायला घेतली होती.

"आब्ला," ती म्हणाली, अगदी सहज, जसं आपण गॅस बंद केला ना म्हणून विचारतो तसं. "तू माझी फाइल वाचलीस ना पूर्ण? माझ्यासाठी काही नव्हतं ना त्यात? आई सारखी विचारतेय, म्हणते नीट बघितलंस का. मी सांगितलं, माझ्या वकिलाने बघितलंय."

मी प्रेसचं दार बंद केलं.

"नाही गं," मी म्हणाले. "सगळं वाचलं. काही नव्हतं."

"तमाम, आब्ला," ती म्हणाली, आणि वॉटरफोर्डला मुलीला शाळा कुठली मिळणार ते विचारायला लागली.